पडलेली झाडं उचलण्याआधी वाऱ्याची दिशा टिपून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वळवाचे दिवस सुरू झाले की आपल्या जिल्हा पानावर रोज बातम्या येतात. किती घरांचे पत्रे उडाले, किती खांब आडवे झाले, कोणत्या शिवारात केळी आणि द्राक्षबागा भुईसपाट झाल्या, वीज किती तास गेली. वार्ताहर उन्हातान्हात फिरून ही माहिती गोळा करतात, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण या बातम्यांत एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे झाड कोणत्या दिशेला पडलं. पंचनाम्यात ती नसते, विम्याच्या अर्जातही नसते. वादळ नेमकं कसलं होतं हे सांगणारा सगळ्यांत भरवशाचा पुरावा तोच असतो, आणि दोन दिवसांत तो नाहीसा होतो. जेसीबी येतो, वखारवाला येतो, रान मोकळं होतं. त्या दोन दिवसांसाठी हे पत्र लिहिते आहे.

माझी सगळी नोकरी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. राहते जुळे सोलापुरात, पण दिरांची शेती मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या अंगाला आहे आणि उन्हाळा आमचा तिकडेच जातो. त्यामुळे यातलं काही पुस्तकातलं आहे आणि काही बांधावर उभं राहून पाहिलेलं.

मध्यंतरी एक चित्रफीत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली. नांगरलेल्या काळ्या रानात धुळीचा उंच खांब, पाचट गोल गोल वर चढतंय, आणि खाली मजकूर : ‘सोलापुरात टोर्नेडो’. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने घाबरून ती मला पाठवली आणि विचारलं, ‘बाई, हा खरंच टोर्नेडो आहे का?’ तिची मुलं दिवसभर शेतावर असतात. त्या चित्रफितीत वरचं आभाळ स्वच्छ निळं दिसतं, आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर तेवढ्यातच आहे. ती वावटळ होती. वावटळ जमिनीवरून उठते. दुपारी काळं रान तापतं, त्याला टेकलेली हवा वरच्या हवेपेक्षा फार गरम होते आणि एखाद्या जागेवरून सुटून वर निघते. तिची जागा घ्यायला चहूबाजूंनी हवा धावते, ती जरा तिरपी आली की फिरायला लागते. वावटळीला ढग लागत नाही. ती डावीकडे फिरेल की उजवीकडे याला नियम नाही. बहुतेक वेळा ओल्या उसात किंवा झाडीत शिरली की मिनिटा-दोन मिनिटांत विरते. वाळवणं उडतात, डोळ्यांत माती जाते, कधी एखादा सुटा पत्रा उचलला जातो. मुलांनी मौज म्हणून तिच्यात शिरू नये, एवढं सांगितलं की पुरे.

टोर्नेडोची, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या जोरदार भोवऱ्याची, गोष्ट वेगळी आहे. त्याची तयारी ढगात होते. आधी बारा-पंधरा किलोमीटर उंच वाढलेला गडगडाटी ढग हवा. खाली दमट गरम हवा, तिच्यावर कोरडी आणि त्याहून वर थंड. एवढं असलं की विजा, गारा, पाऊस सगळं होतं, मोठा टोर्नेडो मात्र होत नाही. त्याला आणखी एक गोष्ट लागते. जमिनीजवळचा वारा हळू आणि एका दिशेचा, तर चार-पाच किलोमीटर उंचीवरचा वारा फार जोराचा आणि दुसऱ्याच दिशेचा असावा लागतो. समईची वात वळताना आपण दोन तळव्यांत कापूस धरतो, वरचा तळवा पुढे सरकतो, खालचा मागे राहतो आणि मधला कापूस आडवा गोल फिरतो. या दोन वाऱ्यांमधल्या हवेचं तसंच होतं. आडवी फिरणारी हवा तयार होते. ढगाकडे वर चढणारा झोत जोरदार असला, तर तो या आडव्या फिरणाऱ्या हवेला उचलून उभी करतो, आणि मग ढगाचा तीन ते दहा किलोमीटर रुंदीचा भाग स्वतःभोवती सावकाश फिरू लागतो. अशा ढगाला सुपरसेल म्हणतात.

सुपरसेल झाला म्हणजे टोर्नेडो झालाच असं नाही. बहुतेक सुपरसेल टोर्नेडो न सोडताच विरतात, आणि दोन सारख्या ढगांपैकी एकच का सोडतो, हे हवामानशास्त्राला आजही पूर्ण उलगडलेलं नाही. एवढं माहीत आहे, की ढगाच्या मागच्या बाजूने पावसाने गार झालेली हवा खाली उतरते, फिरत्या भागाला वळसा घालते आणि जमिनीलगतची फिरती हवा लहानशा जागेत ओढली जाते. वर चढणारा झोत तिला ताणतो. फिरणारी हवा जितकी मध्याकडे ओढली जाईल तितका तिचा वेग वाढतो. किलोमीटर-दोन किलोमीटरच्या घेरात सावकाश फिरणारी हवा शे-दोनशे मीटरांत आली, की ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वारा होतो. ढगाच्या तळातून जी सोंड उतरताना दिसते, ती असते पाण्याच्या बारीक थेंबांची. आतला दाब कमी होतो, हवा गार होते आणि त्यातल्या वाफेचं पाणी होतं. सोंड जमिनीला टेकलेली दिसण्याआधीच खालची माती फिरायला लागलेली असू शकते, म्हणून ढगाकडे पाहताना जमिनीकडेही पाहायचं.

बहुतेक टोर्नेडो दहा मिनिटांच्या आत संपतात आणि त्यांच्या पट्ट्याची रुंदी शंभर-दीडशे मीटरच्या पुढे जात नाही. पण अपवाद भयानक आहेत. अमेरिकेत १८ मार्च १९२५ रोजी एकच टोर्नेडो मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून साडेतीन तास, साडेतीनशे किलोमीटर चालत गेला. ६९५ माणसं गेली. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळचा टोर्नेडो चार किलोमीटरहून रुंद होता. मोठ्या टोर्नेडोच्या पोटात लहान लहान भोवरे फिरत असतात, म्हणून एक घर जोत्यापासून उखडतं आणि पलीकडचं जवळजवळ शाबूत राहतं. लोक याला दैव म्हणतात, पण त्यामागे कारण आहे.

हे सगळं अमेरिकेचंच दुखणं आहे असंही कुणी समजू नये. जगातला सगळ्यांत जीवघेणा मानला जाणारा टोर्नेडो बांगलादेशात झाला, २६ एप्रिल १९८९ रोजी, माणिकगंज जिल्ह्यातल्या दौलतपूर-साटुरिया भागात. सुमारे तेराशे लोक मेले. आपल्या देशात १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत, विद्यापीठाच्या परिसरात टोर्नेडोने २८ बळी घेतले. २४ मार्च १९९८ रोजी पश्चिम बंगाल आणि ओडिशाच्या सीमेवर शंभराहून अधिक माणसं गेली. अलीकडे, ३१ मार्च २०२४ रोजी जलपायगुडीजवळ मैनागुडी भागात घरं उद्ध्वस्त झाली. तारखा पाहा, बहुतेक मार्च-एप्रिलच्या आहेत. त्या दिवसांत बंगालमध्ये खाली उपसागरावरची दमट हवा असते, छोटा नागपूरच्या पठारावरून कोरडी तापलेली हवा येते आणि वर पश्चिमेचे जोराचे वारे वाहत असतात. वात वळायला लागणारे दोन्ही तळवे तिथे हजर असतात.

आपल्याकडे वरचा तळवा कमी पडतो. दमट हवा येते, कोरडीही येते, दोन्ही जिथे भेटतात तो पट्टा विदर्भ-मराठवाड्यापासून खाली कर्नाटकापर्यंत सरकत असतो, ढगही उंच वाढतात. पण उन्हाळा चढत जातो तसे वरच्या थरातले ते जोरकस पश्चिमी वारे उत्तरेला हिमालयाकडे सरकतात. म्हणून बंगालसारखे टोर्नेडो सोलापुरात दुर्मीळ. अशक्य आहेत असं मी म्हणणार नाही. दोन वारे जिथे समोरासमोर येतात तिथे जमिनीलगत फिरणारी हवा तयार झाली आणि नेमका तिच्या डोक्यावर ढग वाढत असला, तर सुपरसेलशिवायही छोटा टोर्नेडो होतो.

मग दर उन्हाळ्यात आपले पत्रे आणि आपल्या केळी कोण पाडतं? याचं उत्तर ज्यांनी शोधलं त्यांच्याबद्दल मी वर्गात दरवर्षी सांगत असे, आणि इथेही सांगते, कारण त्यांची सगळी विद्या पडलेल्या झाडांकडे पाहण्यात होती.

तेत्सुया फुजिता हे जपानी शास्त्रज्ञ. १९४५ साली ते कोकुरा शहराजवळ एका तांत्रिक महाविद्यालयात शिकवत होते. ९ ऑगस्टला अणुबॉम्ब घेऊन निघालेल्या विमानाचं पहिलं लक्ष्य कोकुराच होतं. शहर ढगांनी आणि धुराने झाकलेलं दिसलं म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. पुढे फुजिता नागासाकी आणि हिरोशिमाची पाहणी करायला गेले. बॉम्ब हवेत ज्या ठिकाणी फुटला त्याच्या थेट खालची झाडं होरपळलेली, पण उभी होती. भोवतालची मात्र सगळी मध्यापासून बाहेरच्या बाजूला आडवी झालेली. हे चित्र त्यांच्या मनात राहिलं. नंतर ते शिकागो विद्यापीठात गेले, आणि १९७१ मध्ये नुकसान पाहून टोर्नेडोचा जोर ठरवायची शून्य ते पाच अशी श्रेणी त्यांनी मांडली. आज अमेरिकेत २००७ पासून तिचीच सुधारित आवृत्ती वापरतात.

१९७४ च्या ३ आणि ४ एप्रिलला अमेरिकेत १४८ टोर्नेडो झाले. फुजितांनी लहान विमानातून त्यांच्या पट्ट्यांची पाहणी केली. टोर्नेडो जिथून गेला तिथे झाडं एका अरुंद पट्ट्यात, दोन्ही कडांची तोंडं आतल्या बाजूला वळलेली, एकमेकांवर पडलेली दिसतात. पण वेस्ट व्हर्जिनियाच्या जंगलावरून जाताना त्यांना वेगळंच दिसलं. झाडं एका जागेपासून चहूकडे बाहेर पडलेली होती, फिरल्याची खूण नव्हती. नागासाकीत पाहिलेलं चित्र इथे बॉम्बशिवाय उमटलं होतं. पुढच्याच वर्षी, २४ जून १९७५ ला, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान गडगडाटी पावसात कोसळलं आणि शंभरावर माणसं मेली. फुजितांनी तपास करून सांगितलं, की ढगातून हवेचा लोट सरळ खाली आदळतो आणि जमिनीवर चहूबाजूंना पसरतो. त्याला त्यांनी डाउनबर्स्ट म्हटलं, आणि चार किलोमीटरपेक्षा लहान असेल तर मायक्रोबर्स्ट. बरेच सहकारी मानायला तयार नव्हते. १९७८ मध्ये शिकागोजवळ रडार लावून त्यांनी असे लोट टिपून दाखवले. १ ऑगस्ट १९८३ रोजी वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज हवाई तळावर तर अशा वाऱ्याचा वेग ताशी २४० किलोमीटरच्या आसपास नोंदला गेला, राष्ट्राध्यक्षांचं विमान उतरून काही मिनिटंच झाली असताना.

आता सोलापूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, हवा कोरडी ठक्क. ढगाचा तळ दोन-तीन किलोमीटर उंचीवर. वरून निघालेला पाऊस एवढं अंतर तापलेल्या हवेतून येतो आणि बराचसा वाटेतच सुकतो. सुकताना भोवतालच्या हवेतली उष्णता घेतो, हवा गार आणि जड होते, कोसळायला लागते. गारा असतील तर त्यांचाही भार पडतो. जमिनीवर आदळली की तिला जायला बाजूशिवाय जागा नसते. आपल्याकडे जुनी माणसं सांगतात, ‘ढग केवढा आला, वावधान सुटलं, पाऊस मात्र चार थेंब.’ त्यांनी डाउनबर्स्टचंच वर्णन केलेलं असतं. पाऊस वाटेत सुकला म्हणूनच वारा एवढा जोराचा आला. आधी वारा पडतो, घुसमटतं, मग क्षितिजावर धुळीची भिंत दिसते, पाठोपाठ गार झुळूक आणि मातीचा वास. त्या गार झुळकेनंतर हातात फार तर दोन-चार मिनिटं असतात.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात असाच एक लोट दिरांच्या केळीवर आला. बाग निसवलेली, घड भरत आलेले. संध्याकाळी आम्ही वस्तीवर होतो. वारा थांबल्यावर बाहेर आलो तर उभी बाग आडवी झालेली. काही झाडं कमरेत मोडलेली, काही कंदासकट उपटलेली, ठिबकच्या नळ्या त्यांच्या मुळांना अडकून वर ओढल्या गेलेल्या, आणि मोडलेल्या बुंध्यांतून पाणी गळत होतं. दिरांनी पायातल्या चपलाही न घालता बागेला फेरी मारली आणि बांधावर येऊन बसले, कुणाशी बोलले नाहीत. अशा वेळी होकायंत्र काढणं बरं दिसत नाही हे मला कळत होतं. म्हणून सकाळी गेले, पुतणीला आणि शेजारच्या वस्तीवरच्या दोन मुलांना घेऊन.

मुलांना काम सोपं दिलं. आलेखाच्या कागदावर बागेचे बांध काढायचे, दर दहाव्या ओळीला थांबायचं, पडलेल्या झाडाचा बुंधा कुठे आणि शेंडा कुठे ते पाहून बाण काढायचा. मोबाइलमधलं होकायंत्र बुंध्याला समांतर धरलं की दिशा मिळते. पूर्वेच्या बांधालगतची झाडं दक्षिणेला पडली होती. वायव्य कोपऱ्यातली पश्चिमेला. मधली सगळी नैर्ऋत्येला. पुतणीने पट्टी लावून बाण मागे वाढवले, तर रेषा बागेच्या ईशान्येला, ओढ्याकाठच्या पडीक रानात जवळ जवळ एकाच ठिकाणी आल्या. तिथे जाऊन पाहिलं. मधोमध एक बाभळ उभीच होती, पाला ओरबाडलेला, पण सरळ. तिच्या पलीकडच्या अंगाला बोरीच्या फांद्या उलट्या दिशेला, ईशान्येकडे मोडलेल्या. आजूबाजूला पाहत पाहत पाऊण-एक किलोमीटर गेलो. त्यापुढच्या रानात उभ्या कडवळाचं पानही मोडलेलं नव्हतं.

ही एका मायक्रोबर्स्टची पाऊलखूण होती. मुलांनी ती एका सकाळीत शोधली.

पुढचं मात्र सांगायला जड जातं. केळीच्या हवामानावर आधारित विम्यात वाऱ्याचा वेग हा एक निकष आहे, आणि तो वेग महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर मोजला जातो. आमच्या मंडळाचं केंद्र बागेपासून काही किलोमीटरवर आहे. त्या संध्याकाळी तिथे वारा ठरलेल्या मर्यादेच्या खालीच राहिला, कारण तो लोट तिथवर पोहोचलाच नव्हता. दावा नामंजूर झाला. केंद्रातल्या यंत्राने खोटं सांगितलं नाही, पण किलोमीटरभर रुंदीचा वारा त्याने न पाहिल्यामुळे तो झालाच नाही असं कागदावर ठरलं. डाउनबर्स्ट आणि टोर्नेडो दोन्ही अशाच लहान जागेत घडतात. मंडळाला एक केंद्र ठेवून ते सापडण्याची शक्यता मुळातच कमी.

रडारने दिसेल असं कुणी म्हणेल. दूरच्या रडारचा झोत पृथ्वीच्या गोलाईमुळे आणि थोडा वर रोखलेला असल्यामुळे दीडशे किलोमीटरवर पोहोचेपर्यंत जमिनीपासून अडीच किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याखाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाच्या अभ्यासासाठी सोलापूर निवडलं, इथे रडार लावून इथले ढग तपासले. म्हणजे आपल्या डोक्यावरचे ढग अभ्यासण्याजोगे आहेत हे देशातल्या शास्त्रज्ञांना पटलेलं आहे. होटगी रोडच्या विमानतळावरून आता प्रवासी विमानंही उडतात, आणि उतरणाऱ्या विमानाला डाउनबर्स्ट किती घातक हे १९७५ नेच दाखवून दिलंय. जिल्ह्याला कायमचं रडार मिळावं ही मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरायला हवी. तोवर जमिनीवरची झाडं हाच आपला पुरावा.

या पुराव्याचा शेतकऱ्याला रोजच्या व्यवहारातही उपयोग आहे. केळीच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ लावा, असं कृषी विभाग सांगतो. चहूबाजूंनी लावायला पाणी आणि जागा सगळ्यांकडे नसते. पाच-सात उन्हाळ्यांचे बाण एका नकाशावर आले, तर आपल्या शिवारात वारा जास्त करून कोणत्या अंगाने येतो ते कळेल आणि तिथली ओळ आधी लावता येईल. डाउनबर्स्टचा वारा सरळ येतो, त्याच्यापुढे अशी ओळ काही अंशी टिकते. टोर्नेडोपुढे ती टिकत नाही, तिथे फक्त माणसं वाचवायची. पक्क्या घरात तळमजल्यावर, खिडक्यांपासून लांब, आतल्या खोलीत किंवा न्हाणीघरात बसायचं. दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघडाव्यात हा समज चुकीचा आहे, आणि पुलाखाली आसरा घेणंही चुकीचं. तिथे वारा आणखी जोराने घुसतो.

पत्र्यांबद्दल मला पोटतिडकीने सांगायचं आहे. आपल्याकडे खेड्यात आणि शहरातल्या वस्त्यांतही पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवतात. छपरावरून जोराचा वारा गेला की कडेला आणि कोपऱ्याला वरच्या बाजूने ओढ बसते. समोरचं दार किंवा शटर उघडं असेल तर आत शिरलेली हवा खालून ढकलते. दोन्ही मिळून पत्रा उचलतात, आणि त्यावरचा दगड खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतो. वादळात माणसं दगावतात त्यातली काही अशीच. दगड काढा. पत्रा लोखंडी अँगलला इंग्रजी ‘J’ आकाराच्या हुकने आवळा, कडेला आणि कोपऱ्यांना हुक दुप्पट घाला, अँगल भिंतीत नीट गाडलेला आहे का ते मे उजाडायच्या आत पाहा. धुळीची भिंत दिसली की वाऱ्याच्या बाजूचं दार-शटर लावा. गोठ्यातली जनावरं झाडाखाली बांधू नका, कारण त्याच ढगातून वीजही पडते.

संपादक महाशय, माझ्या मागण्या लहान आहेत. आपल्या तालुका वार्ताहरांनी वादळाची बातमी देताना तीन गोष्टी विचारून लिहाव्यात : झाडं कोणत्या दिशेला पडली, नुकसानीचा पट्टा अंदाजे किती लांब-रुंद आहे, आणि वारा आधी आला की पाऊस. जिल्हा प्रशासनाने पंचनाम्याच्या नमुन्यात पडझडीच्या दिशेचा एक रकाना वाढवावा. तलाठी आणि कृषी सहायक बांधावर जातातच, एक बाण काढायला वेळ लागत नाही. विमा ठरवणाऱ्यांनी असा नकाशा आणि जागेवरचे फोटो पुरावा म्हणून ग्राह्य धरावेत, निदान केंद्रापासून लांबच्या शेतांसाठी तरी. आणि शेतकरी बंधू-भगिनींनी जेसीबी बोलावण्याआधी बागेच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यावर उभं राहून फोटो काढावेत. फोटोत बुंधा आणि शेंडा दोन्ही दिसले पाहिजेत, आणि शक्य असेल तर मोबाइलमधल्या होकायंत्राच्या पडद्याचाही एक फोटो सोबत ठेवावा. विहीर, विजेची डीपी, वस्ती असं न हलणारं काहीतरी चौकटीत आलं तर दिशा नंतरही पडताळता येते.

भूगोलाच्या शिक्षकांनाही विनंती आहे. हा प्रयोग शाळेच्या आवारातही करता येतो. निलगिरी, गुलमोहर, सुबाभूळ ही झाडं दर वळवाला कुठे ना कुठे पडतातच. मुलांना कागद, पट्टी आणि होकायंत्र द्या. वायरमनने तारा बंद केल्याची खात्री करा आणि लोंबकळणाऱ्या फांद्यांखाली कुणाला जाऊ देऊ नका.

आमच्या बागेच्या नकाशाची छायाप्रत सोबत जोडली आहे. गट क्रमांक खोडला आहे, बाण जसेच्या तसे आहेत. आपल्याला तो छापावासा वाटला तर जरूर छापावा. जिल्ह्यातल्या इतर गावांतून असे नकाशे आले, तर ते एकत्र मांडण्याचं काम मी आणि माझी पुतणी आनंदाने करू.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
जुळे सोलापूर